न झालेल्या फेऱ्यांचा हिशेब



ग्रामीण वाहतुकीच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल आभार. परिषद सेवाग्रामला भरवली याबद्दल आयोजकांचे दुप्पट आभार, कारण आपल्या विषयाचा पहिला धडा या गावाच्या नावातच आहे. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याहून इथे राहायला आले, तेव्हा हे सेगाव होते. त्यांचे टपाल नावाच्या घोटाळ्यामुळे बुलढाण्यातल्या शेगावला जाऊ लागले, म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. ज्यांना देशभरातून पत्रे येत, त्यांचे गावसुद्धा टपालवाल्यांना धड सापडत नव्हते. मग ज्यांना कुणाचेच पत्र येत नाही, त्यांची गावे आपल्या नकाशांत कशी सापडत असतील?

या विषयात आपल्या माणसांनी काम केले नाही असे नाही. रस्त्यांचा विचार देशाच्या पातळीवर करण्यासाठी 1927 साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी धनंजयराव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी गोगटे यांनी केली. पुण्याच्या गोखले संस्थेने ती 1935 मध्ये प्रसिद्ध केली. डिसेंबर 1943 मध्ये इथून पाऊणशे किलोमीटरवर, नागपुरात, देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. चांगल्या शेतीच्या मुलखातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावे, असे तिचे एक सूत्र होते. त्या काळात ते मोठेच स्वप्न होते. पण त्यात अंतर मोजले ते गावाचे. भर पावसात कळा सुरू झालेल्या बाईला ते पाच मैल किती लांब पडतात, हे मोजायचे राहून गेले. अजूनही राहिलेच आहे.

आज आपण ज्या प्रवास-प्रतिमानावर काम करतो, त्याचा जन्म 1950 च्या दशकात डेट्रॉईट आणि शिकागोत झाला. मोटारींनी भरत चाललेल्या त्या शहरांना एकच चिंता होती: रस्ता किती रुंद करायचा? त्यासाठी त्यांनी चार प्रश्न घातले. किती फेऱ्या निघतील? कुठे जातील? कशाने जातील? कोणत्या रस्त्याने जातील? हे गणित उत्तम आहे, आणि माझे पोट त्यावरच भरले आहे. पण ते सुरू होते निघालेल्या फेरीपासून. जी फेरी घरातून निघालीच नाही, तिच्यासाठी त्यात रकाना नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी याच जिल्ह्यातल्या एका गावात मी घरोघरी फॉर्म भरत होतो. एका बाईला विचारले, काल कुठे कुठे गेला होतात? ती म्हणाली, “कुठी जातो जी मी? कुठीच नाई.” मी शून्य लिहिले. चहा होईपर्यंत बोलणे निघाले तेव्हा कळले, की पहाटे हापशीवर तीन खेपा झाल्या, मग पांदणीने शेतावर जाऊन निंदण झाले, परतताना डोक्यावर काड्यांचा भारा होता, आणि संध्याकाळी दळण. बाई दिवसभरात सात-आठ किलोमीटर चालली होती. चालणे म्हणजे प्रवास नव्हे, हे तिने माझ्या विचारण्याच्या सुरावरूनच ताडले होते. ते शून्य मी खोडले, पण दुसरा आकडा लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

हा एका फॉर्मचा दोष असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. 2011 च्या जनगणनेने कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि जाण्याचे साधन विचारले, पण ते ‘इतर कामगारांना’. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्या तक्त्यात नाहीत. म्हणजे कापूस वेचायला ऑटोत दाटीवाटीने बसून दुसऱ्या गावी जाणाऱ्या बायकांची टोळी या देशाच्या प्रवासाच्या तक्त्यात नाही.

पुढचा दोष वेळेच्या भावाचा. रस्त्याचा फायदा काढताना आपण वाचलेल्या तासाला रुपयांत किंमत लावतो आणि ती बहुतेक वेळा कमाईवरून ठरवतो. जिची मजुरी कमी, तिचा तास स्वस्त. मग मोटारवाल्याची वीस मिनिटे तिच्या दोन तासांना भारी पडतात आणि पांदण रस्त्याचा प्रस्ताव यादीत तळाला जातो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि तो याच जिल्ह्यातून जातो. त्यावर दुचाकीला आणि ऑटोला परवानगी नाही. वेगवान रस्त्यासाठी तो नियम योग्यच आहे. पण वर्ध्याच्या खेड्यात घरची गाडी म्हणजे दुचाकी आणि भाड्याची गाडी म्हणजे ऑटो, हे त्या रस्त्याचा फायदा इथल्या गावांच्या खात्यावर मांडताना विसरू नये.

तिसरा दोष सर्वांत घातक. प्रवासी कमी म्हणून एसटीची फेरी बंद होते. फेरी नाही म्हणून लोक जायचे सोडतात, किंवा भरल्याशिवाय न हलणाऱ्या ऑटोची वाट बघत फाट्यावर बसतात. पुढच्या पाहणीत मागणी शून्य येते आणि आपण म्हणतो, बघा, अंदाज बरोबर निघाला. तो बरोबर निघणारच. तो आपणच घडवून आणलेला असतो. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले आणि गाड्या बायकांनी भरू लागल्या. या बायका काही त्या दिवशी गावात राहायला आल्या नव्हत्या. माहेर, दवाखाना, बाजार, देवदर्शन, सगळे आधीपासून होते. अडले होते ते भाड्यापाशी.

न केलेला प्रवास मोजायचा कसा, लोक काहीही सांगतील, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे पुरावे गावातच असतात. दुसऱ्या तपासणीला न आलेल्या रुग्णांची नावे दवाखान्याच्या वहीत आहेत. पावसाळ्यात गळणाऱ्या मुली शाळेच्या हजेरीपटात आहेत. कोणत्या थांब्यावर किती चढले, कुठे उतरले, हे वाहकाच्या तिकीट यंत्रात आहे. ते सगळे एका तक्त्यात आणणे एवढेच आपले काम आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पायी झालेली प्रत्येक फेरी मोजावी, आणि त्यासाठी तालुका हा एकच विभाग न धरता गाव आणि वस्ती धरावी. नाहीतर विभागाच्या आतली सगळी चाल गणितातून गळते. पाहणी फक्त उन्हाळ्यात करू नये. काळ्या मातीची पांदण मृगात वेगळी असते आणि वेचणीत वेगळी, आणि बाजाराचा दिवस तर आठवड्याचा राजा. शेवटची सूचना, प्रत्येक फॉर्मवर एक प्रश्न वाढवावा: गेल्या महिन्यात कुठे जायचे होते, पण जाता आले नाही, आणि का? या उत्तरांतूनच कळेल की गावाला नवी बस हवी, की आहे तीच बस तासभर आधी सोडली तरी भागेल.

मित्रहो, भाषण आवरतो. आता जेवणाची सुट्टी आहे. जेवण झाल्यावर कस्तुरबा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत चालत जा आणि बाकावर बसलेल्या एका तरी माणसाशी बोला. घरून किती वाजता निघालात, किती गाड्या बदलल्या, हे विचारा. मग विचारा, तुमच्या मोहल्ल्यातून आज कोण यायचे राहिले? उत्तर लिहून आणा. दुपारचे सत्र आपण त्या नावांपासून सुरू करू.