बियाणं कणगीत किती, पुडीत किती?



आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. पदवी हातात पडल्यावर गावोगाव फिरून पहिलं काम केलं ते तुमच्या वावरातली मिसळ मोडायला सांगण्याचं. ज्वारीच्या तासांत मूग, मधे अंबाडी, पऱ्हाटीत तुरीची ओळ, धुऱ्यावर भेंडी. आम्ही म्हणायचो, हा गबाळा कारभार सोडा, एक पीक एक वाण घ्या. आज त्याच तोंडानं उलटं सांगायला उभे आहोत, म्हणून कबुली आधी.

ज्वारीचा दाणा फोडून पाहा. आत इवलासा कोंब, त्याच्याजवळ पिठाची शिदोरी, वरून टरफल. शेवाळाला, नेच्याला बी नसतं; ओल गेली की त्यांची पुढची पिढी अडते. बी मात्र मिरगाची वाट पाहत कणगीत पडून राहतं. कोरडवाहू शेती उभी आहे ती या वाट पाहण्यावर. जगात बी धरणाऱ्या वनस्पती तीन लाखांवर, आणि त्यांतल्या तांदूळ, गहू, मका या तिघांवर माणसाच्या जेवणाचा केवढा तरी भार!

एकेका पिकातही वाण किती! ज्वारी मूळची आफ्रिकेची. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटच्या बीजपेढीत तिचे ४०,००० वर नमुने जपले आहेत. ही काही शोभेची गोष्ट नाही. आपली जुनी उंच ज्वारी दिवस लहान होऊ लागले की निसवायची. त्यामुळे दाणा भरायचा तो पाऊस उघडल्यावर. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. उत्पन्न वाढलं, खोटं कशाला बोला? पण लवकर येणारी ही ज्वारी पावसात सापडली की दाण्यावर बुरशी धरते, काळी पडते. मग व्यापारी नाक मुरडतो, आणि बुटक्या ताटाचा कडबा बैलाला पुरत नाही. निसवण्याची वेळ हा गुण जुन्या बियाण्यात होता. आमच्या वहीत त्याला रकानाच नव्हता. आम्ही फक्त क्विंटल मोजत होतो.

आता कापूस. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ आला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीला आळा बसला, हे तुम्ही पाहिलं आहे. पण संकरिताची सरकी पुढच्या साली टोबली तर झाडं सारखी येत नाहीत, म्हणून दर हंगामाला दुकानाची पायरी. आणि सगळ्या शिवारात एकच तऱ्हा झाली. बीटीच्या पाकिटासोबत बिगरबीटी सरकीची छोटी पुडी यायची. अळीला विष पचू नये म्हणून ती भोवताली लावायची होती. आपण ती धुऱ्यावर फेकली. फरदडही लांबवली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. त्या पुडीचं कारण त्याच्या दारी जाऊन किती जणांनी सांगितलं?

पुडीशी आमचं वैर नाही. ज्याला परवडते त्यानं घ्यावी. पण सगळं वावर एका पुडीवर लावणं हा जुगार आहे. एक-दोन तासं तरी घरच्या बियाण्याची असू द्या.

लागवडीचे कापूस चार प्रकारचे, आणि ते चारही भारतात पिकतात. त्यांतला देशी कापूस या मातीत मुरलेला. पाण्याचा ताण सोसतो, रस शोषणाऱ्या किडींना सहसा दबत नाही. धागा आखूड, बोंड लहान, भाव कमी, हेही ऐकून ठेवा. पण एक सोय मोठी आहे. देशीची गुणसूत्रं २६, अमेरिकनची ५२. म्हणून शेजारी बीटी असली तरी देशीत सहसा भेसळ होत नाही. सरळ वाण असेल तर त्याची सरकी राखा, पुन्हा टोबा. ज्वारीत मात्र थोडी परागाची सरमिसळ होते, तेव्हा बियाण्याची कणसं वावराच्या मधल्या भागातून, कापणीआधी, उभ्या ताटांवर निवडा. मायबहिणी हे काम आमच्यापेक्षा चांगलं जाणतात. हुरडा कोणत्या ताटाचा गोड हे त्यांनाच ठाऊक असतं. कणसं वेगळी झोडा, कडक वाळवा, राख लावून ठेवा.

कायद्याची भीती कोणी घातली तर सांगा, २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यात आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

पुढच्या बैठकीला येताना घरात जे जुनं बी असेल ते मूठभर फडक्यात बांधून आणा. चिठ्ठीवर तुमच्याकडचं नाव, कोणत्या नक्षत्रात पेरता, किती दिवसांत येतं आणि जमीन हलकी की भारी, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ.