पिक कोरायचंय? आधी ते कशाचं आहे ते सांगा

दिंडोशीच्या आमच्या गाळ्यात कुणी गिटारचं पिक आणून ‘दादा, यावर नाव कोरून द्या’ म्हणालं, की मी सेटिंग नंतर बघतो. आधी विचारतो, हे कशाचं आहे?

कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेलं पिक बहुतेक वेळा सेल्युलॉइडचं. जुन्या नायट्रेट फिल्म याच पदार्थाच्या. २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआयच्या आवारात त्यांनी पेट घेतला होता. फिल्मसिटी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गिऱ्हाइकाला हे पटकन पटतं! असं पिक मी लेझरखाली घेतच नाही. पीव्हीसीही नाही, त्याचा वायू माणसाला वाईट आणि मशीनलाही.

अ‍ॅक्रिलिक असेल तर मजा. सीओटू लेझरवर, त्याच जाडीच्या तुकड्यावर छोट्या चौकटी पाडायच्या: आडवा स्पीड बदलत, उभी पॉवर बदलत. सुरुवात जास्त स्पीड, कमी पॉवरच्या कोपऱ्यापासून. नखाला खाच जेमतेम लागली, की तेच सेटिंग. खोल कोरलं तर बोटांना पकड छान येते, पण पिक तिथेच तुटतं. आणि टोकाकडे नाव नको, तारेवर घासतं.

सरोदवाले सुखी बघा. त्यांचा जवा नारळाच्या करवंटीचा. अक्षर लाकडावर उमटतं तसं काळंभोर येतं. फक्त करवंटीला बाक असेल, तर अक्षर लहान ठेवायचं.