पाण्याची वाट आणि कामांचा क्रम

सन २००५ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशीं कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच महानगराच्या एका टोकास प्रलय आणि दुसऱ्या टोकास नेहमींची सर, असा तो विलक्षण दिवस होता. दुपारीं पावसाचा जोर वाढत असतांनाच समुद्रास सुमारे साडेचार मीटरांची भरती आली. नाल्यांतून धांवत आलेलें पाणी खाडीच्या तोंडाशीं पोंचलें आणि तेथेंच अडलें. मिठी नदी फुगून कुर्ला आणि कलिना या भागांतील वस्त्यांत शिरली. साकीनाक्याजवळ दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. मुंबईंत त्या पुरानें चारशेंहून अधिक माणसांचा बळी घेतला.

असा पाऊस वर्षास येत नाहीं, हें खरें. परंतु अंधेरीच्या भुयारी मार्गांत पाणी भरण्यास ९४४ मिलिमीटर पाऊस लागत नाहीं. दोन तासांची एक जोराची सर पुरते. घाटकोपरच्या लक्ष्मीबाग नाल्याच्या आसपास, मुलुंडच्या सखल भागांत, बोरिवलीस दहिसर नदीच्या कांठीं हाच अनुभव येतो. मग दुसऱ्या दिवशीं नाला रुंद करा, गटारें मोठीं करा, पंप बसवा, अशा मागण्या सुरू होतात. यांपैकीं एकही मागणी अयोग्य नसते. अडचण एवढीच कीं, सगळीं कामें एकदम होत नाहींत. पैसा मोजका, जागा त्याहून मोजकी, आणि पावसाळा वगळला तर नाल्यांत उतरून काम करण्यास वर्षांतून आठच महिने मिळतात. म्हणून कोणतें काम करावें, याइतकाच कोणतें काम आधीं करावें हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

याचें उत्तर शोधण्यापूर्वीं उपनगरांतील पाणी कसें वाहतें, तें पाहिलें पाहिजे. साष्टी बेटाच्या मध्यभागीं आज राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले डोंगर आहेत. त्यांच्या पश्चिम उतारावरून दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या निघतात. दहिसर नदी मनोरीच्या खाडीस, आणि पोयसर व ओशिवरा मालाडच्या खाडीस मिळतात. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडींत पडते. पूर्वेकडे मुलुंड, भांडुप आणि घाटकोपर येथील पाणी अनेक नाल्यांनीं ठाण्याच्या खाडीकडे उतरतें. दोन्हीं बाजूंस पाण्याच्या या वाटेंत लोहमार्गाचे बांध आडवे पडलेले आहेत. त्यांच्याखालच्या मोऱ्यांतून जेवढें पाणी निसटेल तेवढेंच खाडीपर्यंत जातें, आणि उरलेलें मागें तुंबतें.

हीं उपनगरें महापालिकेच्या हद्दींत आलीं तीं दोन टप्प्यांनीं, सन १९५० आणि सन १९५७ मध्यें. तेव्हां त्यांतील कितीतरी जमीन भातशेती, वाडी, खाजण आणि मिठागर अशा स्वरूपाची होती. शेतांत पडलेला पाऊस कांहीं जमिनींत मुरे, कांहीं बांधांआड थांबे आणि उरलेला सावकाश ओढ्यास मिळे. आतां त्याच जागीं इमारती, फरसबंद आंगणें आणि काँक्रीटचे रस्ते झाले आहेत. पाण्यास मुरण्यास जागा नाहीं आणि थांबण्यास सवड नाहीं.

या बदलाचा हिशेब शाळेंतील मुलासही करतां येईल. एक हेक्टर जमिनीवर तासाभरांत २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर तें पाणी अडीच लाख लिटर होतें. मुंबईचीं जुनीं गटारें तासास २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळीं, असें धरून आंखलेलीं होतीं. पडलेल्या पाण्यापैकीं निम्में जमिनींत मुरेल, असाही त्यांत समज होता. म्हणजे गटारास हेक्टरामागें तासाला सव्वा लाख लिटर पाणी वाहावें लागे. सन १९८५ च्या पुरानंतर महापालिकेनें या सर्व व्यवस्थेचा अभ्यास तज्ज्ञांकडून करविला. ‘ब्रिमस्टोवॅड’ या नांवानें ओळखला जाणारा तो अहवाल सन १९९३ मध्यें तयार झाला. त्यानें तासास ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यांतील थेंबही मुरणार नाहीं असें मानलें. या मापानें तेंच एक हेक्टर तासाला पांच लाख लिटर पाणी गटारांत सोडतें. भार दुप्पट नव्हे, चौपट झाला. अलीकडच्या वर्षांतील सरी पाहतां हें मापही आतां तोकडें पडूं लागलें आहे.

दुसरी अडचण समुद्राची. मुंबईचें पावसाचें पाणी ज्या ठिकाणीं समुद्रांत किंवा खाडींत पडतें, त्यांस पातमुखें म्हणतात. अशीं पातमुखें १८६ मोजलीं गेलीं आहेत. त्यांपैकीं ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खालीं आहेत, आणि उरलेल्यांपैकीं बहुतेक भरतीच्या पातळीखालीं जातात. दिवसांतून दोनदां भरती येते तेव्हां हीं दारें समुद्रच लावून घेतो. त्या वेळीं पाऊस आला, तर पाणी उचलून टाकण्यावांचून उपाय उरत नाहीं. म्हणून अहवालानें आठ ठिकाणीं उदंचन केंद्रें सुचविलीं. त्यांपैकीं जुहूजवळील इर्ला आणि सांताक्रूझ-खारकडील गझदरबंध धरून सहा केंद्रें सन २०१९ पर्यंत सुरू झालीं. अशा केंद्रांतील एक मोठा पंप सेकंदास ६००० लिटर पाणी फेंकतो. हा आंकडा ऐकून मन थक्क होतें. परंतु तासाचे दोन कोटी सोळा लाख लिटर म्हणजे वरच्या मापानें अवघ्या ४३ हेक्टरांचें पाणी.

या सर्व माहितींतून कामांच्या क्रमाचा पहिला नियम निघतो. पाणी डोंगराकडून खाडीकडे जातें. काम मात्र खाडीकडून डोंगराकडे गेलें पाहिजे. आधीं मुख मोकळें करावें, मग मुख्य नाला, त्यानंतर उपनाले, आणि शेवटीं रस्त्याकडेचीं गटारें. हें उलट केलें, तर पाया खणण्याआधीं कळस चढविल्यासारखें होतें. वरच्या वस्तींतील नाला रुंद केला कीं तेथील पाणी झपाट्यानें निघून जातें, तेथील लोक समाधान पावतात, आणि खालची अरुंद मोरी तशीच राहिल्यामुळें तेंच पाणी खालच्या वस्तीच्या घरांत शिरतें. पूर नाहींसा होत नाहीं. त्याचा पत्ता तेवढा बदलतो.

येथें लोकांच्या मनाची एक स्वाभाविक अडचण उभी राहते. अंधेरी स्थानकाजवळ गुडघाभर पाण्यांतून वाट काढणाऱ्या गृहस्थास दूर पश्चिमेकडे मोगरा नाल्याच्या मुखाशीं केंद्र बांधावयाचें आहे असें सांगितलें, तर ‘आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं’ ही म्हण त्याच्या ओठांवर आल्यावांचून राहणार नाहीं. परंतु पाण्याच्या बाबतींत ही म्हण लागू पडत नाहीं. सोमेश्वरचें पाणी ज्या वाटेनें जावयाचें, ती वाट रामेश्वरास अडली असेल, तर बंब रामेश्वरींच नेला पाहिजे. मोगरा आणि माहुल हीं आठांपैकीं उरलेलीं दोन केंद्रें जागेच्या प्रश्नांत वर्षानुवर्षें अडकून पडलीं, आणि त्याची झळ भुयारी मार्गाच्या तोंडाशीं खोळंबणाऱ्या प्रवाशास प्रत्येक पावसाळ्यांत लागली.

अर्थात् मुख मोकळें झालें म्हणजे सर्व साधलें, असेंही नाहीं. शहर भागांतील हिंदमाता चौकाचें उदाहरण याच्या उलट बाजूचें आहे. तेथील पाण्यासाठीं ब्रिटानिया केंद्र सन २०१६ मध्यें सुरू झालें, तरी चौकांत पाणी सांचण्याचें थांबलें नाहीं. पंप कितीही बलवान असला, तरी त्याच्यापर्यंत जेवढें पाणी पोंचेल तेवढेंच तो उचलणार. पुढें जवळच्या मैदानाखालीं आणि उद्यानाखालीं टांक्या बांधून, भरती असेपर्यंत पाणी त्यांत थोपवून धरण्याची व्यवस्था करावी लागली. सांताक्रूझच्या मिलन भुयारी मार्गाजवळही सुमारे दोन कोटी लिटरांची अशीच टांकी बांधण्यांत आली. मुख, नाला आणि टांकी या एकाच साखळीच्या कड्या आहेत. त्यांचा विचार सुटा सुटा करून चालत नाहीं.

म्हणून दुसरा नियम असा कीं, योजनेचें माप पाणलोट असावें, प्रभाग नव्हे. पैसा वाटतांना प्रत्येक प्रभागास सारखा वांटा देणें न्यायाचें दिसतें. परंतु पाण्यास प्रभागाची सीमा ठाऊक नसते. एकट्या मिठीच्या वाटेंत विमानतळाची धांवपट्टी, लोहमार्ग, महामार्ग आणि वांद्रे-कुर्ला संकुल येतात, आणि प्रत्येकाचा धनी वेगळा. महापालिकेनें आपला नाला दुप्पट केला आणि रेल्वेखालची मोरी जुन्याच मापाची राहिली, तर झालेला खर्च त्या मोरीशीं येऊन थांबतो. एका नदीच्या सर्व धन्यांनीं एकच नकाशा पुढें ठेवून एकाच क्रमानें कामें करणें, हें कोणत्याही पंपाइतकेंच मोलाचें आहे.

तिसरा नियम न्यायाचा आहे. दोन पाणलोटांपैकीं आधीं कोणता घ्यावा, हें कोणाचा आवाज मोठा यावरून ठरूं नये. पाणी किती उंच चढतें, किती वेळ राहतें, किती घरांत शिरतें, त्यानें रुग्णालय बंद पडतें कीं आगगाडी, हें मोजून ठरावें. रस्त्यावरील घोटाभर पाणी तासाभरांत ओसरतें आणि त्याची छायाचित्रें वृत्तपत्रांत येतात. नाल्याकांठच्या चाळींत कमरेएवढें पाणी रात्रभर राहतें, धान्य, अंथरुणें आणि मुलांचीं पुस्तकें भिजतात, आणि त्याची दाद कोठेंच लागत नाहीं. महापालिकेनें शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले आहेत. पावसाप्रमाणेंच घरांत शिरलेल्या पाण्याचीही नोंद वर्षानुवर्षें ठेवली, तर कामांची यादी आपोआप खऱ्या गरजेप्रमाणें लागेल.

नाला रुंद करावयाचा म्हणजे कांठावरचीं घरें हलवावीं लागतात. येथें कामें सर्वांत अधिक रखडतात, आणि दोष बहुधा झोपडीवाल्याच्या माथीं येतो. पण नदीची जागा केवळ गरिबांनींच घेतली काय? विमानतळाची धांवपट्टी नदीवर आली. मिठीच्या मुखाजवळील पाणथळ जमिनीवर भराव घालून टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहिल्या. झोपडीवाला कांठावर आला, कारण शहरास त्याचे श्रम हवे होते आणि त्याच्यासाठीं दुसरी जागा शहरानें ठेवली नव्हती. त्यास जवळपास पक्कें घर देणें हा योजनेच्या खर्चाचाच भाग मानावयास हवा. तो खर्च आरंभींच धरला नाहीं, म्हणजे तो पुढें विलंबाच्या रूपानें अधिक व्याजासह द्यावा लागतो.

कांहीं कामें मात्र कोणत्याही क्रमाची वाट पाहत नाहींत. पावसाळ्यापूर्वीं गाळ काढणें, मोरींतून आडव्या गेलेल्या जलवाहिन्या व तारा हलविणें, मनुष्यप्रवेशाच्या झांकणांखालीं जाळ्या बसविणें, हीं कामें दरवर्षीं व्हावयाचींच. आणि सर्वांत स्वस्त काम म्हणजे जेथें पाणी आज सुखानें थांबतें, ती जागा भरूं न देणें. मुलुंड, भांडुप आणि कांजूर येथील मिठागरें, खाडीकांठचीं तिवरें, उरलेले तलाव आणि मैदानें हीं या शहराचीं फुकट मिळालेलीं टांकी आहेत. मिठागरांवर घरें बांधण्याच्या योजना निघतात तेव्हां त्या घरांची किंमत कागदावर असते. त्या जागेनें आजवर पोटांत घेतलेल्या पाण्याची किंमत कोणी मांडत नाहीं.

विलंबाचाही एक हिशेब आहे. सन १९९३ च्या अहवालांत सर्व कामांचा खर्च सुमारे ६१६ कोटी रुपये धरला होता. निधीअभावीं बहुतेक कामें पडून राहिलीं. बारा वर्षांनीं २६ जुलै उजाडला, आणि तहान लागल्यावर विहीर खणण्याची धांदल झाली. तेव्हां तोच खर्च १२०० कोटींवर गेला, आणि पुढें त्याच्याही कितीतरी पट वाढला. रुपयांचा आंकडा निदान लिहितां येतो. त्या बारा वर्षांत झालेल्या कामांनीं किती घरें वांचलीं असतीं, तें लिहितां येत नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांस यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्या भागांत नाल्याचें किंवा गटाराचें नवें काम निघालें, तर नागरिकांनीं आपल्या नगरसेवकास आणि अभियंत्यास तीन प्रश्न विचारावेत. या गटाराचें पाणी पुढें कोठें जाणार? तेथील मोरी आणि पातमुख भरतीच्या वेळीं तें पाणी घेऊं शकेल काय? घेऊं शकत नसेल, तर आधीं तें काम कां नाहीं? हे प्रश्न घाटकोपरच्या गृहस्थानें विचारले, तर त्याच्या आळीचें काम कदाचित् एक वर्ष पुढें जाईल. परंतु मग झालेलें काम टिकेल, आणि त्याच्या दारांतून निघालेलें पाणी खाडीकांठच्या दुसऱ्या कोणाच्या घरांत शिरणार नाहीं.