दहा मेगाहर्ट्झ म्हणजे खरंच दहा मेगाहर्ट्झ?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

"घरच्या टेबलासाठी स्वस्तातला सिग्नल जनरेटर घेतला तर चालेल का?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडतो. उत्तर सरळ आहे: चालेल. पण घेतल्यावर मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. ती आधी सांगतो, कारण तिची किंमत मी नाही, माझ्या मावसभावाने मोजली.

तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोजेक्ट म्हणून त्याने फ्रिक्वेन्सी काउंटर बनवला. खर्चाच्या पैशांतून वाचवून त्यात टीसीएक्सओ बसवला, म्हणजे तापमान बदललं तरी फारसा न हलणारा क्रिस्टल ऑसिलेटर. एका रविवारी काउंटर घेऊन माझ्याकडे आला. "दादा, तुझ्या जनरेटरला लावून बघू या का?" मी १० मेगाहर्ट्झ सेट केले. त्याच्या काउंटरवर आलं १,००,००,२३०. म्हणजे २३० हर्ट्झ जास्त.

मी लगेच म्हटलं, "तुझ्या कोडमध्ये घोळ आहे. इथे बघ, स्क्रीनवर सगळी शून्यं आहेत."

त्याने दोन आठवडे कोड उलटापालटा केला. चूक सापडेना. शेवटी एक करेक्शन घालून त्याने आकडा माझ्या जनरेटरशी जुळवून घेतला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी लॅबमधल्या चांगल्या रेफरन्सचे १० मेगाहर्ट्झ लावले. काउंटर दाखवतोय ९९,९९,७७०. "कॅलिब्रेशन कशावर केलं?" या प्रश्नावर तो गप्प. मार्क गेले. माझं नाव मात्र त्याने घेतलं नाही.

आता घोळ कुठे होता ते बघू.

आजचे बहुतेक स्वस्त जनरेटर डीडीएस पद्धतीने चालतात. आत एक क्रिस्टल क्लॉक असतं आणि बाकीचं सगळं गणित. हॅम मंडळींच्या ओळखीची एडी९८५० चिप घ्या. तिला १२५ मेगाहर्ट्झचं क्लॉक दिलं, की ती त्याचे २ चा ३२ वा घात इतके भाग करते. एक पायरी पडते साधारण ०.०२९ हर्ट्झची. म्हणून स्क्रीनवर दशांशानंतरचे आकडेही दिमाखात दिसतात.

पण ते आकडे सांगतात, की तुम्ही किती बारीक पायरीने फ्रिक्वेन्सी *मागू* शकता. मिळाली किती, हे ते मोजतच नाहीत. ते ठरतं क्लॉकवर. क्लॉक पुढे पळत असेल, तर सगळंच त्याच प्रमाणात पुढे पळतं. फूटपट्टीवर रेघा कितीही बारीक असल्या तरी पट्टीच आखूड असेल, तर काय उपयोग?

ही चूक पीपीएममध्ये सांगतात, दहा लाखांत किती भाग. साध्या क्रिस्टलला २० पीपीएम ही नेहमीची गोष्ट. घड्याळात २० पीपीएम म्हणजे दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद. १ किलोहर्ट्झवर तोच फरक ०.०२ हर्ट्झ आणि १० मेगाहर्ट्झवर २०० हर्ट्झ. म्हणून ॲम्प्लिफायर तपासत असाल तर निवांत राहा, काही बिघडत नाही. पण क्रिस्टल फिल्टर जुळवताय, रिसीव्हरची डायल लावताय, काउंटर कॅलिब्रेट करताय, तर ते २०० हर्ट्झ अंगाशी येतात.

मग तपासायचं कसं? महागडी लॅब नको. जीपीएसचं छोटं मॉड्यूल पुरतं. उपग्रहांवर अणुघड्याळं असतात आणि मॉड्यूल त्यांच्या आधाराने दर सेकंदाला एक पल्स देतं. तिला पीपीएस म्हणतात. इस्रोने मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नाविक उपग्रहावर तर भारतीय बनावटीचं रुबिडियम घड्याळ आहे. मॉड्यूल घेताना एवढं बघा, की पीपीएसची पिन बाहेर काढलेली आहे. चारच पिना असलेल्या बोर्डांवर ती बहुतेक नसते.

मॉड्यूल खिडकीत ठेवा, फिक्स मिळू द्या. जनरेटर अर्धा तास चालू राहू द्या, कारण क्रिस्टल गरम होईपर्यंत सरकत असतो. पीपीएस स्कोपच्या एका चॅनेलला, ट्रिगर त्यावरच. दुसऱ्या चॅनेलला जनरेटरचा १ किलोहर्ट्झ स्क्वेअर वेव्ह. ट्रिगर नॉर्मल मोडवर. आता दर सेकंदाला चित्र येईल आणि वेव्ह हळूहळू सरकताना दिसेल. डावीकडे सरकली तर जनरेटर पुढे पळतोय, उजवीकडे सरकली तर मागे पडतोय.

एक पूर्ण सायकल सरकायला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. १००० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर पीपीएममध्ये. ५० सेकंद लागले तर २० पीपीएम, १०० लागले तर १०.

परीक्षेनंतर मी हे केलं. माझी वेव्ह डावीकडे निघाली आणि साधारण ४३ सेकंदांत सायकल पूर्ण झाली. १००० भागिले ४३, म्हणजे सुमारे २३ पीपीएम. १० मेगाहर्ट्झवर २३० हर्ट्झ. मावसभावाच्या काउंटरने पहिल्याच दिवशी दाखवलेला आकडा.

चांगली गोष्ट अशी, की ही चूक सगळ्या फ्रिक्वेन्सींना एकाच प्रमाणात लागते. एकदा मोजली की झालं. मला खरे १० मेगाहर्ट्झ हवे असतील तर मी ९९,९९,७७० सेट करतो. एडी९८५० वर स्वतः बनवलेला जनरेटर इतकाच पुढे पळत असेल, तर कोडमधल्या १२,५०,००,००० च्या जागी १२,५०,०२,८७५ लिहायचं. मात्र मे महिन्यातली खोली आणि डिसेंबरमधली खोली सारखी नसते, क्रिस्टलचं वयही वाढतं. त्यामुळे अधूनमधून पुन्हा मोजा.

नवीन घेताय? स्क्रीनवरचे आकडे मोजत बसू नका. माहितीपत्रकात फ्रिक्वेन्सी ॲक्युरसी किती पीपीएम लिहिली आहे ते वाचा. मागे १० मेगाहर्ट्झ रेफरन्स इनपुट आहे का, तेही बघा. असेल तर उद्या जीपीएसवर बांधलेला ऑसिलेटर जोडून त्याच पेटीतून कितीतरी अचूक काम घेता येईल. आणि दोन उपकरणं भांडत असतील, तर तिसऱ्याला विचारल्याशिवाय निकाल देऊ नका. मी दिला होता, कारण माझं विकतचं होतं आणि त्याचं घरी बनवलेलं.

मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे दादा, माझं करेक्शन काढून टाकू ना?"

काढ म्हटलं. आणि सॉरी म्हटलं. आता माझ्या जनरेटरवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: "+२३ पीपीएम". अक्षर त्याचं आहे.

तुमच्याकडच्या जनरेटरची वेव्ह किती सेकंदांत सरकते ते मोजा आणि नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.