पेशीतले सूत आणि पवईचे विणकाम

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधुनिक विज्ञानातील एखादा विषय घरच्या भाषेत सांगावा, अशी कार्यकारी मंडळाची आम्हांस आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य फळ्यापुढे गेलेले. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, जेवढे उमगले तेवढेच आपणांपुढे ठेवितो. विषय सूक्ष्म असला तरी स्थळ दूरचे नाही. अंधेरी आणि घाटकोपर यांच्या दरम्यान पवईचा तलाव लागतो. त्याच्या काठी आय. आय. टी. ही संस्था उभी आहे. १९५८ साली ती सुरू झाली आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. तेथील विद्वानांनी एक विलक्षण विणकाम केले आहे. त्याचीच ही हकीकत.

प्रथम सुताचा विचार करू. आपल्या शरीरातील पेशी म्हणजे केवळ पाण्याची पुरचुंडी नव्हे. तिच्या आत प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो. त्यांपैकी ॲक्टिन नावाचा धागा सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा, तर सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटरची. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा एक केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, एवढे सांगितले म्हणजे या सुताचा तलमपणा ध्यानी येईल.

हे सूत कोणी चरख्यावर कातीत नाही. प्रथिनाचे सुटे मणी पेशीत तरंगत असतात. परिस्थिती अनुकूल होताच ते एकास एक लागत जातात आणि धागा आपोआप वाढतो. माणसाच्या साध्या हत्यारांना इतके बारीक काम जमत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञांच्या मनात आले की, निसर्गाने दिलेला हा गुण वापरून आपणही अतिसूक्ष्म वस्तू का घडवू नयेत?

या धाग्यांच्या गोतावळ्यात एक बदनाम धागा आहे. त्याचे नाव अमायलॉइड. काही प्रथिनांची घडी बिघडली, की ती एकमेकांस चिकटून सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे चिवट तंतू बनतात आणि सहसा सुटत नाहीत. आयोडिनाने पिष्टासारखा रंग येतो म्हणून जर्मन वैद्य विर्शो यांनी १८५४ साली या पदार्थास हे नाव दिले. १९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी स्मृती हरपलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील अशाच साचलेल्या पुटांचे वर्णन केले. पार्किन्सनच्या कंपवातात मेंदूतील पेशींत जे गोळे दिसतात, त्यांत अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे तंतू असतात, हे १९९७ साली समजले.

अशा धाग्याचा कोणी तिरस्कारच करील. परंतु अभ्यासकाने तो दुरून टाकून दिला नाही. अमेरिकेत सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने २००३ साली यीस्टमधील एका प्रथिनाचे असेच तंतू घेतले, त्यांवर सोन्याचांदीचा मुलामा चढविला आणि वीज वाहून नेणारी, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीची तार तयार केली. २००९ साली आणखी एक नवल उघड झाले. आपल्या पोष ग्रंथीत काही संप्रेरके अमायलॉइडच्या रूपानेच साठवून ठेवलेली असतात आणि गरज पडली म्हणजे मोकळी होतात. या शोधनिबंधाचे पहिले लेखक समीर माजी होते. तेच पुढे पवईस प्राध्यापक झाले.

पवईत त्यांच्या गटाने २०१५ साली अल्झायमरशी निगडित प्रथिनाच्या टोकाचा लहानसा तुकडा निवडला आणि त्याच्या नमुन्यावर नवे तुकडे रचले. त्यांचे तंतू आपोआप गुंफले गेले आणि त्या जाळ्यात पाणी अडकून मऊ जेल तयार झाले. दही ढवळले की पातळ होते, ते पुन्हा पहिल्यासारखे लागत नाही. हे जेल मात्र हलविले की वाहते आणि स्थिर ठेवले की पुन्हा आळते. ते पेशींस विषारी ठरले नाही. उलट पेशी त्यावर रुजल्या. जेल किती घट्ट वा मऊ ठेवावे यावरून मूलपेशींनी कोणते रूप घ्यावे, यालाही वळण लावता आले. २०१६ साली याच गटाने अल्फा-सायन्यूक्लीनवर आधारलेले मऊ जेल केले, त्यात मूलपेशींना चेतापेशीची वाट धरता आली आणि कंपवाताचा नमुना असलेल्या उंदरांच्या मेंदूत ते पोहोचविण्याचा प्रयोगही झाला. ज्या प्रथिनाच्या धाग्याने मज्जापेशी मरतात, त्याच्याच नात्यातला धागा नव्या मज्जापेशीचे अंथरूण झाला!

येथे सावधगिरीचे दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. हा रोगावरचा उपाय नव्हे. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते. उद्या कोणी या नावाने औषध विकू लागला, तर बंधूंनो, आपली पिशवी उघडू नका.

आता हे सर्व ज्ञातीच्या व्यासपीठावर कशासाठी? आपल्या घरांत एखाद्या आजोबांस वा आजीस विस्मरण जडले, की 'म्हातारचळ लागला' म्हणून त्यांना आतल्या खोलीत ठेवण्यात येते. पाहुणे आले की दार लोटले जाते. मुलीच्या सोयरिकीत हे कळू नये, अशी धडपड चालते. एका ठरत आलेल्या विवाहात 'त्यांच्या घरात वेड आहे' एवढ्या कुजबुजीवर बोलणी फिसकटलेली आम्ही पाहिली आहेत. या रोगाचे मूळ कोणाच्या पापात वा कुळाच्या दोषात नाही. ते प्रथिनाच्या चुकलेल्या घडीशी निगडित आहे. एकाच जनुकामुळे सरळ वारशाने येणारा अल्झायमर फार थोड्यांत आढळतो. यास्तव आमची पहिली विनंती अशी की, अशा वडीलधाऱ्यांस लपवू नये. त्यांना वेळीच वैद्याकडे न्यावे आणि पंक्तीत आपल्या शेजारी बसवावे.

दुसरी विनंती कार्यकारी मंडळास. आपली शिष्यवृत्ती वैद्यक आणि अभियांत्रिकी या दोनच शाखांस मिळत आली आहे. पुढील वर्षापासून तिची एक जागा शुद्ध विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यास, शक्यतो विद्यार्थिनीस, राखून ठेवावी. पवईची ती प्रयोगशाळा आपल्या दारापासून काही मैलांवर आहे. तेथवर आपली मुले पोहोचावीत, ही जबाबदारी आपली आहे.