मत वाया जातं म्हणजे काय?

निवडणूक आली की आमच्या नगरच्या मोहल्ल्यात सल्ला मिळतो, 'लाल बावट्याला मत म्हणजे वाया. समोरच्याला पाडू शकेल त्यालाच द्या.' सल्ला भीतीपोटी येतो, म्हणून मी त्याला हसत नाही.

१९५७ साली याच नगरने मजदूर किसान पक्षाचे आर. के. खाडिलकर लोकसभेत पाठवले. पुढे ते काँग्रेसवासी झाले, ती गोष्ट वेगळी. आता डावे इथे मतपेटीत कमी, मोर्चात जास्त दिसतात. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. मध्यरात्रीची तडजोड नाकारून अकोले तालुक्यातले अजित नवले बैठकीतून उठले. संप चालू राहिला, त्याच महिन्यात कर्जमाफी जाहीर झाली.

शेजारच्या विडी वळणाऱ्या चाची विचारतात, "मोर्चाला हेच लागतात, मग मताला का नकोत?"

अमर शेखांचं नाव घेऊन मात्र मला कुणी मत मागू नये. शाहीर मुसलमान होता म्हणून मी डावा, हा हिशेब मला पटत नाही. लोकसभेला मी मोहल्ल्याचा सल्ला मानेन. महापालिकेला मात्र चाचींच्या गल्लीचा प्रश्न असतो. तिथे यंत्रावर विळा-कणीस असेल, तर बटण तेच दाबीन.