ज्ञातीची पतपेढी आणि घरची पुंजी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीची स्वतंत्र पतपेढी असावी, असा ठराव आज सभेपुढे यावयाचा आहे. त्यास माझा विरोध नाही. परंतु हात वर करण्यापूर्वी दोन गोष्टी आपल्या कानांवर घालणे मी कर्तव्य समजतो.

अशा पेढ्यांचा पूर्वेतिहास अभिमान वाटावा असाच आहे. बडोद्यास १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहाय्यकारी मंडळी' निघाली, तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ साली झाला. १९०६ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी मुंबईत सारस्वत ज्ञातिबांधवांसाठी शामराव विठ्ठल यांच्या नावे पतपेढी स्थापिली. एकमेकांस ओळखणारी माणसे एकमेकांस जामीन राहिली आणि सावकाराचा उंबरठा सुटला. तीच संस्था आज सर्वांस खुली असलेली बँक आहे, हेही ध्यानी घ्यावे.

परंतु ज्या ओळखीने पेढी उभी राहते, तीच ओळख तिला बुडवूही शकते. बंधू निवर्तल्यावर वहिनींच्या हाती आलेली रक्कम 'आपलीच माणसे आहेत' म्हणून एका पतपेढीत ठेवण्यात आली. ती शिफारस माझीच होती. संचालकांनी आप्तेष्टांस तारणावाचून कर्जे दिली व पेढी बुडाली. थकबाकीचे आकडे दरवर्षी अहवालात छापून येत होते. आम्ही सभासद मात्र अहवालाची घडी घालून, चहा घेऊन घरी परतत होतो. वहिनींनी मला कधी शब्दाने दुखविले नाही, हेच मला अधिक बोचते.

पतपेढी म्हणजे बँक नव्हे. बँकेतील ठेवींस १ जानेवारी १९६२ पासून विम्याचे संरक्षण आहे. प्रारंभी ते १,५०० रुपयांचे होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून, मुद्दल व व्याज मिळून, दर बँकेत दर ठेवीदारास ५ लाख रुपयांपर्यंत आहे. परवानाधारक सहकारी बँकांतील ठेवींसही ते लाभते. पतपेढीतील ठेवींस मात्र लाभत नाही. शिवाय ठेव घेण्यापुरते ज्यांस नाममात्र सभासद करून घेतात, त्यांस मताचा अधिकार नसतो. म्हणजे पैसा त्यांचा आणि निर्णय दुसऱ्यांचा!

यास पर्याय दुर्मीळ नाहीत. डाकघरातील बचतीमागे सरकार उभे आहे. किमान शिल्लक ठेवावी न लागणारे मूलभूत बचत खाते २०१२ पासून बँकांत उघडता येते. विधवा भगिनींनी व निवृत्त बंधूंनी आपली मुख्य पुंजी अशा ठिकाणीच ठेवावी. पतपेढीत भाग घ्यावा, लहानशी मासिक बचत करावी, इतकेच.

म्हणून ठरावास माझी उपसूचना आहे : संचालक व त्यांचे नातलग यांस तारणावाचून कर्ज देऊ नये, आणि थकबाकीचा तपशील दरवर्षी सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. चहा त्यानंतर द्यावा.